बांबूतली शिट्टी

मनसारामच्या डाव्या कानात चार वर्षांपासून एक बारीक शिट्टी वाजत होती. कानाच्या दोन मशिनी वाया गेल्या. तिसरी देताना चामोर्शीचा मशीनवाला म्हणाला, "भाऊ, ही आवाज संपवत नाई, फक्त झाकते. कोणाले फरक पडते, कोणाले नाई."

सकाळी तळ्यावर, वल्हं थांबवून डोंग्यात बसून त्यानं ती कानात घातली. पाण्याच्या धारेसारखा आवाज सुरू झाला आणि शिट्टी थांबली. तो एकटाच हसला.

मग बापानं शिकवल्याप्रमाणे, मासोळी फिरते का ते ऐकायला त्यानं पाण्यात रोवलेल्या जाळ्याच्या बांबूला उजवा कान लावला.

बांबूत शिट्टी वाजत होती. तीच.

त्यानं मशीन उपसून काढली. डावा कान शांतच राहिला.

त्यानं डोंगा पुढे सरकवला. पुढच्या बांबूत शिट्टी होती, मागचा आता मुका झाला होता. मग तिसऱ्यात. मग चौथ्यात. बांबूंची रांग काठाकडे जात होती, आणि काठावरच्या शेवटच्या बांबूला पाठ टेकून त्याची बायको कुंता फाटकं जाळं विणत बसली होती.

मनसारामनं डावा कान बांबूला घट्ट दाबला. "ये," तो म्हणाला. "माह्याच कानात ये."

आत काहीच वाजलं नाही.

"कुंते, ऊठ तिथून!"

कुंतानं सावकाश मान वर केली. तिची करंगळी डाव्या कानात होती.

"जोरानं बोला जी," ती म्हणाली. "कोण शिट्टी वाजवून राह्यलं? थांबवा न त्याले."