सातवं घर

आमच्या जपानमधल्या तोचिगीत फेब्रुवारी उजाडला की घरोघरी शिमोत्सुकारे शिजतं. नवीन वर्षाला आणलेल्या सॅमन माशाचं उरलेलं डोकं, भाजलेले सोयाबीन आणि जाडसर किसलेला मुळा. दिसायला अगदी उकिरडा! लग्न होऊन आले तेव्हाच मी नाक मुरडलं, ते कायमचं. पण सात घरचं शिमोत्सुकारे खाल्लं की वर्षभर दुखणं येत नाही, असं इथली माणसं मानतात. त्यामुळे शेजारी डबा द्यावाच लागतो.

मी ते कधी केलंच नाही. शेजारच्या तोमिए काकूंकडून आलेलं माझ्या डब्यात भरायचं, वर थोडं गाजर किसून टाकायचं आणि कोपऱ्यावर एकट्या राहणाऱ्या कियो आजींना नेऊन द्यायचं. तोमिए काकूंचा आणि माझा धरून आजींकडे दरवर्षी बरोबर सात डबे जमायचे. आणि चारचौघींत त्या कौतुक करायच्या ते माझंच. "सायोकोच्या हाताला अगदी तोमिएसारखी चव आहे हो!"

मीही लाजल्यासारखं करायचे.

यंदा आजींनी खोकल्याने अंथरूण धरलं. मी डबा उशाशी ठेवला आणि म्हणाले, "आजी, मुद्दाम तुमच्यासाठी केलंय. चार घास खा आणि लवकर बऱ्या व्हा."

आजींनी झाकणसुद्धा न उघडता डबा माझ्याकडे सरकवला.

 

"या वर्षी तरी तुझ्या हातचं आण गं पोरी. बारा वर्षं मी सहाच घरांचं खातेय."