घरच्यांशी बोलायचंय

"घरच्या मोठ्या माणसाशी बोलायचंय. आत्ताच. यादी एक वाजता बंद होतेय."

कॉलेजच्या इरावती मॅडम फोनच्या पडद्यावरून भरभर बोलत होत्या. सुगंधाने घड्याळाकडे पाहिलं. बारा चाळीस.

"मॅडम, मिस्टर बाहेर आहेत. भाजीच्या टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून गेलेत. त्यांचा फोन लागत नाहीये."

"दुसरं कुणीही चालेल हो. अर्जातली माहिती घरच्यांकडून पडताळून घ्यायची, एवढाच नियम आहे. ते झालं की तुमचं नाव पक्कं."

दुसरं कुणी म्हणजे सासूबाई. त्या समोरच बसल्या होत्या. कोथिंबीर निवडत होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

सुगंधा अडतीस वर्षांची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लग्नात सुटलेलं कॉलेज तिने तीन वर्षांपूर्वी पुन्हा धरलं होतं. सकाळी मुलुंडच्या एका बालवाडीत मदतनीस, संध्याकाळी कॉलेज. पदवी हातात आली की शिक्षिका म्हणून घेऊ, असं बालवाडीच्या बाईंनी कबूल केलं होतं. मग करोना आला. बालवाडी बंद झाली. नवरा, राजेश, चालवायचा ती शाळेची बसही उभी राहिली. शेवटच्या सत्राची फी थकली आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येत नव्हता. अशात कॉलेजने अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी तातडीची मदत जाहीर केली. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेली, परत करायची नाही अशी.

सुगंधाने अर्ज भरला, पण सासूला सांगितलं नाही. सांगणार कसं? कुंदाबाई गिरणी कामगाराची बायको. नवरा गेला, गिरणी गेली, पण आपण कुणापुढे हात पसरला नाही, हे त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. सुनेचं शिकणं तर त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "या वयात पुस्तकं घेऊन बसायची हौस! आम्हाला कुणी विचारलं होतं?" हे रोजचंच. आता तास फोनवर व्हायला लागल्यापासून तर त्या नेमक्या त्याच वेळी काहीतरी निवडायला घेऊन शेजारी येऊन बसायच्या. पाळत ठेवायलाच, असं सुगंधाला वाटायचं.

"आई," तिने फोन पुढे केला. "कॉलेजातून आहे. दोन मिनिटं बोलता?"

कुंदाबाईंनी हात पुसले आणि फोन घेतला.

"नमस्कार मावशी," मॅडम म्हणाल्या. "घरात सध्या कमावतं कोण आहे?"

सुगंधाने डोळे मिटून घेतले. वाट लागली. आता ते हात न पसरण्याचं येणार, आणि सगळं मुसळ केरात.

"तसं कुणीच नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "मुलगा मिळेल त्या गाडीवर जातो. चार दिवस काम, दहा दिवस घरी. हिला वर्षभर पगार नाही. अर्जात लिहिलंय ते सगळं खरं आहे."

सुगंधाने डोळे उघडले. यांनी अर्ज कधी वाचला?

"आणि परीक्षा पूर्ण करतील ना त्या? मध्येच सोडणारे खूप झालेत हो, म्हणून विचारते."

"सोडते कशाला! एक तास चुकवत नाही. मी असते ना इथेच. ते तुमचे इतिहासाचे सर, त्यांनी परवा गिरण्यांच्या संपाचं शिकवलं. पण अर्धंच सांगितलं बघा."

"अर्धंच?"

"पुढारी काय बोलले ते सगळं सांगितलं. घरात पीठ संपल्यावर आम्ही बायकांनी काय केलं, त्याचं एक वाक्य नाही. आमच्या चाळीत अकरा घरांचा मिळून एकच स्टोव्ह पेटायचा. रॉकेल कुठून आणायचो, ते विचारा म्हणावं सरांना."

मॅडमचा आवाज मऊ झाला. "मावशी, हे आमच्या पुस्तकात नाही हो."

"नाही ना? मग घाला."

पलीकडे की-बोर्डचा खटखटाट झाला.

"सुगंधाताई, ऐकताय ना? नाव गेलं यादीत! फी भरली गेली असंच समजा. परीक्षेचा फॉर्म आजच भरून टाका!"

सुगंधा किंचाळलीच. शेजारची चेतना घाबरून खिडकीशी धावली. "काय गं, काय झालं?" "झालं गं चेतना, झालं माझं काम!" सुगंधाला हसू आवरेना, रडू आवरेना. तिने सासूला घट्ट मिठी मारली. कोथिंबीर सगळीकडे सांडली. कुंदाबाई चक्क ओरडल्या नाहीत. मॅडमचे आभार मानायला सुगंधाने फोनला हात घातला, तसा कुंदाबाईंनी तिचा हात बाजूला सारला.

"थांब गो. माझं बोलणं संपलं नाही." त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. "मॅडम, घरी अभ्यास करून दहावीला बसतात ना, तो सतरा नंबरचा फॉर्म. कुठे मिळतो?"

"मी मिळवून देते की. कुणासाठी हवाय?"

कुंदाबाईंनी खांद्यावरचा पदर नीट केला. नजर पडद्यावरून हलली नाही.

"लिहून घ्या. कुंदा वासुदेव परब. वय बासष्ट. सातवी पास."