मुदतवाढ

मसोलीच्या आपल्या घराच्या ओट्यावर जतीनने वसुलीवाल्या उमेशला मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्याच्यापुढे पेढ्यांचा पुडा उघडला.

"घ्या उमेशभाई. तुमच्या बँकेचं कर्ज वारलं."

जतीनने क्रेडिट कार्डाचे हप्ते भरणं सोडल्याला काल तीन वर्षं पुरी झाली होती. तेवढ्या मुदतीत दावा लावला नाही की बँकेला कोर्टाचं दार बंद, एवढा कायदा जतीनला पाठ होता. बाकी काही वाचायची त्याला सवय नव्हती. असती, तर कार्डच घेतलं नसतं.

"फाईल राहते ना पण," उमेश म्हणाला. "तिच्यावरचा थकबाकीचा डाग पुढे कित्येक वर्षं दिसतो. कुठलीच बँक दारात उभं करणार नाही तुम्हाला."

"मला नको करू दे. हिची फाईल कोरी आहे." जतीनने दाराकडे हनुवटी उडवली. "आता हिच्या नावावर कार्ड काढतो. दिवाळीपासून सांगतोय हिला."

त्याची बायको हिरकणी दारात चहा घेऊन उभी होती. मागच्या कार्डाच्या अर्जावर जतीनने स्वतःच्या नंबराच्या जागी तिचा टाकला होता. तीन वर्षं बँकेचे फोन आशागडच्या तिच्या अंगणवाडीत वाजले. पोरांचं वजन करता करता ती ते घ्यायची, आणि बायका काट्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायच्या. पुढेपुढे फोन वाजला की पोरंच ओरडायची, "बँक आली, बँक आली!" घरी सांगितलं तर जतीन म्हणायचा, "उचलू नको ना मग." तिला रोज नेमाने फोन करणारा पुरुष या काळात एकटा उमेश.

उमेशने पेढा घेतला नाही. बॅगेतून एक कागद काढला.

"जतीनभाई, कर्ज जिवंत आहे. मागच्या मंगळवारी तुम्ही पाचशे रुपये भरलेत."

"मी? मला काय वेड लागलंय?"

"आणि हे पत्र दिलंत. 'सदर कर्ज मला मान्य असून ते फेडण्यास मी बांधील आहे.' मुदतीच्या आत असं लिहून दिलं की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. सही तुमचीच ना?"

सही त्याचीच होती. वरचं अक्षर मात्र अंगणवाडीच्या रजिस्टरातलं, वळणदार.

जतीनने सावकाश मान वळवली. "हा तो गॅसचा कागद?"

"गॅसचा म्हणून तुम्हीच ठरवलंत. मी नुसतं 'इथे सही' म्हणाले."

"अगं पण का? सुटलो असतो ना आपण!"

"तुम्ही सुटला असतात." तिने उमेशच्या हातात कप दिला. "उमेशभाऊंना नंबरही बदलून दिलाय. आता तुमचाच लावतील."

जतीनने पेढ्यांचा पुडा बंद केला. हिरकणी उमेशकडेच बघत होती.

"भाऊ, असं पाचशे भरून किती वेळा नवं करता येतं?"

"मुदत संपायच्या आत केलं तर कितीही वेळा, ताई. फक्त सही लागते."

"मेलो तरी सही करणार नाही मी!" जतीन ओरडला.

"आज नाही करणार," ती म्हणाली. "तीन वर्षं आहेत. तोवर पडेल परत न वाचायची सवय."

मग तिने ट्रेमधला दुसरा कप उचलला.

"ह्यांच्या घराण्यात पुरुष नव्वदीच्या आत जात नाहीत, भाऊ. लग्न ठरवताना सासऱ्यांनी स्वतः सांगितलं होतं."

कप तिने जतीनपुढे ठेवला.

"बिनसाखरेचा आहे. तब्येतीला जपा."