कडुलिंबाचा महिमा

गोकुळदासांनी टायगरला अंगणात बांधून कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, वर कापूर घातलेलं खोबरेल चोळलं आणि शेजारच्या सुविधाला कुंपणावरून हाक मारली.

"बघितलंस गो? कुत्र्याच्या अंगावर औषधालासुद्धा पिसू सापडायची नाही! माझी शुगरपण ह्याच पाल्याच्या रसाने उतरली. डॉक्टरांच्या गोळ्या गिळतात ते खुळे."

"खरंच, वहिनी?" सुविधाने त्यांच्या बायकोकडे बघत विचारलं.

"तर! एवढं डोकं अख्ख्या मये गावात कोणाला नाही," कमलाक्षी दारातून म्हणाली. गोकुळदासांची मान ताठ झाली. सुविधा ओंजळभर पाला घेऊन गेली.

पाल्याने शहाणपण येत असतं, तर गावातल्या बकऱ्या एव्हाना पंच म्हणून निवडून आल्या असत्या, असं पुटपुटत कमलाक्षी आत वळली. डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टराने पिसवांवर दिलेली, महिन्याला एकदा द्यायची गोळी तिने लोणी लावलेल्या पोईच्या पावाच्या तुकड्यात दडवली. मग नवऱ्याने 'विष' म्हणून कचऱ्यात टाकलेल्या शुगरच्या गोळ्यांतली एक कुटून त्याच्या पेजेत ढवळली. वाद घालणं तिने कधीच सोडलं होतं.

गोकुळदासांनी पेज एका दमात ओरपली आणि ढेकर देऊन पुन्हा कडुलिंबाचं नाव घेतलं.

टायगरने मात्र तुकडा आधी दोनदा हुंगला, मालकिणीकडे संशयाने पाहिलं आणि मगच तोंडात घेतला.