दोघांपुरता डबा

"निकाल तुमच्या बाजूनं लागलाय, मावशी." ग्राहक न्यायालयातल्या कारकुनानं कागद दिला. पापड लाटून साठवलेले चाळीस हजार काशीयात्रेच्या नावाखाली गिळून दुकान बंद करणाऱ्या शिरोळकरशी अनसूयाबाई वकिलाशिवाय अकरा तारखा भांडल्या होत्या.

"पैसे कधी मिळणार?"

"त्यानं दिले नाहीत, तर वसुलीचा वेगळा अर्ज करा. पुन्हा तारखा पडतील."

बाई बाहेरच्या बाकावर हरल्यासारख्या मटकन बसल्या. शेजारी शिरोळकर होताच. पहिल्या तारखेला त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. पण जेवणाच्या सुट्टीत तो नुसतं नळाचं पाणी पिऊन बसतो हे दिसल्यापासून त्या डब्यात दोन पोळ्या जास्त आणत; उपाशी माणसासमोर त्यांच्याच घशाखाली घास उतरत नसे.

आज डबा उघडून त्या थबकल्या. शिरोळकरनं मान खाली घातली. "आज नको, काकू. मी हरलोय."

बाईंनी झाकणात पोळी-भाजी वाढून त्याच्यापुढे सरकवली.

"खा मुकाट्यानं. तू उपाशी मेलास तर मी वसुली कुणाकडून करू?"