तिसरी ओळ

"झालं का चालू?" आबाजींनी पुन्हा विचारलं.

"व्हतंय की आबा," सुयोग म्हणाला. पण होत काहीच नव्हतं. इंदापूरच्या बाजारपेठेतल्या आपल्या छपाईच्या दुकानात तो सकाळपासून संगणकात चिनी भाषा घालायला बसला होता. मोबाईलच्या इंटरनेटवर ती निम्मी उतरली आणि लाईट गेली. लाईट आली, तर संगणकाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"इतक्या लग्नाच्या पत्रिका छापल्या, पण असली बघितली न्हाय," सुयोग पुटपुटला.

शेजारच्या खुर्चीत आबाजींच्या थोरल्या भावजय मुक्ताबाई बसल्या होत्या. त्यांची नात श्रेया शांघायला नोकरी करायची. तिथल्याच ली वेनशी तिचं लग्न ठरलं होतं आणि लग्न भवानीनगरला व्हायचं होतं. पत्रिका हातात आल्यावर विहीणबाईंना चार अक्षरं तरी वाचता आली पाहिजेत, असा मुक्ताबाईंचा हट्ट होता. आबाजींनी तो निम्माच मानला होता.

"नवरदेवाचं नाव घाल चिनीत. शोभा यील," ते सुयोगला म्हणाले. "त्याच्या आईचं नगं."

"का वो?"

"नवरा वारलाय तिचा. बापाचं नाव घातलंय की, कैलासवासी लावून. आपल्यात पत्रिकेत विधवेचं नाव घालत न्हाईत. मंगलकार्य हाय."

"आन पोरगं वाढवलं कुणी?" मुक्ताबाई म्हणाल्या. "कैलासवाशानं?"

"वैनी, रीत हाय ती. तुमी काय आज ऐकताय? रामहरीच्या पत्रिकेत तुमचं नाव व्हतं का?"

नव्हतं. तेव्हा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे. कागदावर अक्षर उमटलेलं बोटाला लागायचं. मुलाच्या पत्रिकेवर मुक्ताबाईंनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं होतं. दिरांची नावं लागली, चुलत सासऱ्यांची लागली, मोरगावच्या मामांचंही लागलं. शाई ओली होती. बोट तेवढं काळं झालं.

"चहा सांगून येतो," म्हणत आबाजी उठले. "तवर नवरदेवाचं उरक. पहिली पत्रिका आजच मोरगावला गणपतीपुढं ठेवायची हाय."

शेवटी चिनी उतरलं. श्रेयाने मोबाईलवर एका कागदाचा फोटो पाठवला होता. विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने त्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या आणि प्रत्येक ओळीखाली श्रेयाने इंग्रजीत उच्चार दिला होता. सुयोगने बटनं दाबून 'ली' लिहिलं, तशी पडद्यावर चिनी अक्षरांची रांग लागली.

"ह्यातलं कुठलं घ्यायचं?"

मुक्ताबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "त्ये बग. वर झाड असल्यावानी हाय, त्ये."

ते घेऊन पत्रिकेत टाकलं, तर नुसते चौकोन आले. सुयोगने कपाळावर हात मारला. त्याचे मराठी फॉन्ट जुने, त्यांना चिनी अक्षर ठाऊकच नव्हतं. त्याने फॉन्ट बदलला आणि चिनी दिसलं. मग वरची तारीख दुरुस्त करायला गेला, तर मराठी उमटेना. कुठलंही बटन दाबलं की चिनी रांग पुढे यायची.

"आता मराठी गेलं वाटतं, आजी. सगळं चिनीच झालं."

"गेलं कसं? शोध की जरा."

त्याने सगळं बंद केलं, पुन्हा उघडलं, कुणाला तरी फोन करून शिव्या खाल्ल्या. भाषा बदलायला दोन बटनं एकदम दाबायची होती, एवढंच होतं ते. सुयोग खुर्चीत मागे रेलला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.

"चला, ली वेन झालं," तो अखेर म्हणाला. "दुसरी ओळ कुणाची?"

"त्याच्या आईची. घाल."

सुयोगने दाराकडे बघितलं. "आबांनी सांगितलंय ना, नगं म्हणून."

"तुज्या आबांना चिनी येतं व्हय?"

सुयोगला हसू आलं. त्याने दुसरी ओळ घातली. आता त्याचा हात बसला होता.

"आन ही तिसरी?"

मुक्ताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"श्रेयानं विहीणबाईंना माजं नाव सांगितलं. त्यांनी लिहून दिलं. त्यांच्यात असं दिसतं म्हणं."

सुयोगने फोटो मोठा केला आणि एकेक अक्षर ताडून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कुठं घालू?"

"तिच्या खाली. खालच्या कोपऱ्यात जागा हाय."

आबाजी आले तेव्हा पहिली पत्रिका छापून बाहेर पडली होती. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. कुलदैवत बरोबर होतं, तारीख बरोबर होती, भावकीतलं कुणी सुटलं नव्हतं. खालच्या कोपऱ्याशी त्यांचं बोट थांबलं.

"नवरदेवाचं नाव एवढं लांबलचक?"

सुयोग मशीनवर वाकला.

"त्यांच्यात माणूस एकट्याचं नाव सांगत न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

"बरं हाय. शोभा आली."

मशीनशेजारी हळद-कुंकवाची डबी होतीच. देवाच्या पत्रिकेला इथूनच बोट लागायचं. आबाजींनी चप्पल काढली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि एकेका कोपऱ्याला हळद-कुंकू लावत आले. शेवटी खालचा कोपरा राहिला. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि तिसऱ्या ओळीवर टेकवलं.