उगवतीकडे तोंड

नवा माणूस भलत्याच दिशेला तोंड करून नमाजाला उभा राहिला.

नदीकाठी त्यानं नीट हातपाय धुतले, अंगावरचं घोंगडं वाळूत अंथरलं आणि मावळतीकडे कललेल्या उन्हाला चक्क पाठ केली. खजुराच्या झाडाखाली कॉफी पीत बसलेले तिघं बघतच राहिले.

"बघा, बघा!" बेल्कासम दबक्या आवाजात म्हणाला. "मक्का कुठे आणि हा कुठे! चौकीवाल्या साहेबानं धाडलेला हेर आहे हा, शेखबाबा. मेल्यांनी धड शिकवूनसुद्धा पाठवला नाही."

इदीरनं मांडीवरचा कोयता हातात घेतला. त्याला पटायला फारसा वेळ लागला नाही. हल्ली त्याला कुणाबद्दलही वाईट चटकन पटायचं.

शेख ताहर त्या माणसाचा नमाज निरखत राहिले. अल्जीरियाच्या डोंगरात एके काळी त्यांचा मदरसा होता. फ्रेंचांनी गावांच्या जमिनी बळकावल्या तेव्हा त्यांनी पुस्तकं मिटली आणि अख्खा डोंगर उठवला. बंड मोडलं. फ्रेंचांनी त्यांना आणि त्यांच्या माणसांना जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या या दरीत आणून टाकलं. आता म्हातारा थकला होता. निदान मरण तरी आपल्या मातीत यावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. उद्या भरतीच्या वेळी चंदन नेणारं एक गलबत त्यांच्यासाठी खाडीच्या तोंडाशी थांबणार होतं.

मागच्या वर्षीही असंच गलबत ठरलं होतं. शिपाई आधीपासूनच दबा धरून बसले होते. इदीरचा थोरला भाऊ तिथेच गोळी लागून पडला. बातमी कुणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून दरीत जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघायचा. गुराख्यावर संशय, दूधवालीवर संशय. झोपेत काही बरळू नये म्हणून इदीर गोठ्यात एकटाच झोपायचा.

बेल्कासमचा शब्द मात्र सगळे मानत. तो साधा घाणेवाला, जैतुनाचं तेल काढणारा, अक्षरशत्रू. चार वर्षांपूर्वी बोटीतून उतरला तो थेट या दरीत आला, आणि कुणाला एका शब्दानं न विचारता बरोबर मक्केकडे तोंड करून उभा राहिला. "कसं रे कळलं?" असं विचारल्यावर म्हणाला, "मन जिकडे ओढलं तिकडे वळलो." शेखांचे डोळे भरून आले होते. अजान देण्याचा मान त्यांनी त्याच दिवशी त्याला दिला. इदीरला तेव्हा आपला पहिला दिवस आठवला होता, आणि त्यानं मान खाली घातली होती.

नमाज आटोपून नवा माणूस सलाम करत जवळ आला. हमू त्याचं नाव. आजच दुपारी शिपायांनी त्याला दरीत आणून सोडलं होतं.

"सलाम राहू दे," बेल्कासम म्हणाला. "नमाज कुणीकडे पढलास?"

"कुणीकडे म्हणजे? मक्केकडे. उगवतीला. आमच्या गावची मशीद..."

"मक्का तुझ्या पाठीमागे होती, शहाण्या!"

हमूनं वळून सूर्याकडे पाहिलं. मग नदीकडे, मग पुन्हा सूर्याकडे. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे बोटीतून उतरल्यापासूनचे सगळे नमाज..." म्हणत तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"काय सोंग आणलंय! इदीर, बघत काय राहिलास? भावाला आठव. नदीला पाणी भरपूर आहे."

इदीरनं हमूची मानगूट धरली. कोयता वर गेला.

"थांब," शेख म्हणाले. "इदीर, तू इथे आलास त्या दिवशी तोंड कुणीकडे केलं होतंस?"

इदीरचे कान तापले. बेल्कासमसमोर हे सांगायची त्याला लाज वाटली. "उगवतीला," तो पुटपुटला. "घरची सवय, बाबा."

"मीसुद्धा उगवतीलाच. एवढी पुस्तकं पालथी घातलेला मी! तुझा भाऊही तसाच. बोटीच्या तळाशी कोंडून आणलेल्या माणसाला काय कळणार आपण कुठे येऊन पडलो ते? तो घरी उभा राहायचा तसाच उभा राहतो. मक्का आता मावळतीला आहे हे आपल्याला आपल्या आधी इथे आलेल्या कैद्यांनी दाखवलं, तेव्हा कळलं."

हमूच्या मानेवरची इदीरची पकड सैल झाली.

शेखांनी हातातला पेला खाली ठेवला. "आणि मी मूर्ख त्याला अल्लाची कृपा समजलो," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी मान वळवली.

"बेल्कासम, तू तर बोटीतून उतरून थेट आमच्याकडे आलास. मग तुला मक्का कुणी दाखवली होती?"